खारी, आई आणि ‘बस’ हा शब्द

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पावसाने जोर धरलेला असताना, आमच्या सोसायटीमागच्या अर्धवट बांधकामावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांखाली एक गावठी कुत्र्याचे पिल्लू कुडकुडत बसलेले माझ्या मुलाला दिसले. तो ते शाळेच्या रेनकोटात गुंडाळून वर घेऊन आला. रंग थेट बेकरीतल्या खारीसारखा होता, त्यामुळे नाव शोधण्यात वेळ गेला नाही. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, देवघराचे दार लोटून घेतले आणि “पाऊस थांबला की सोडून यायचं हं” असे बजावले. पाऊस थांबला, पण त्या बोलण्याची आठवण कोणीही काढली नाही, त्यांनीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले आणि दुधाचे दात नुकते सगळे आलेले दिसल्यामुळे वय साधारण आठ आठवडे असावे, असे सांगितले. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि पुढे त्यांच्या जागी ४२ कायमचे येतात. हे तेव्हा नुसते ऐकले होते, त्याचा अर्थ नंतर पायाच्या पोटऱ्यांना कळला.

पहिल्या तीन रात्री आम्ही कोणीच झोपलो नाही. ‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला आम्हांला किमान पाच जणांनी दिला आणि पहिल्या रात्री तो आम्ही पाळलाही. खारीला स्वयंपाकघरात जुन्या चादरीवर ठेवून दार लावले. दोन तास ती रडत राहिली आणि सकाळी दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा ओरबाडलेला होता. आदल्या दिवसापर्यंत जे पिल्लू भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपत होते, त्याला अंधाऱ्या खोलीत एकटे ठेवून आपण नेमके काय शिकवणार आहोत, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तिसऱ्या रात्री मी एक मोठे पुठ्ठ्याचे खोके आमच्या पलंगाच्या अगदी कडेला ठेवले, त्यात आईंच्या जुन्या साडीची गोधडी घातली आणि कुरकुर सुरू झाली की हात खाली सोडून तिच्या पाठीवर ठेवू लागले. चौथ्या रात्री ती एकदाच उठली, तीही शू लागली म्हणून. पुढे खोके दर दोन-तीन दिवसांनी हातभर सरकवत दिवाणखान्यात नेले. आता ती तिथेच झोपते.

शूचा विषय मात्र थोडक्यात आटपण्यासारखा नाही. पिल्लाचे वय जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला की जास्तीत जास्त तितके तास ते लघवी धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. हा झोपेतला हिशेब समजावा, कारण जागे असताना आणि खेळताना आमची खारी अर्धा तासही धरू शकत नसे. त्यामुळे झोपेतून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर तिला लगेच उचलून ठरलेल्या जागी नेणे, एवढाच काय तो मार्ग होता. ती जागा म्हणजे मागची गॅलरी आणि त्यावर पसरलेले वर्तमानपत्र. खाली नेता आले असते तर बरे झाले असते, पण लसी पूर्ण झालेल्या नव्हत्या आणि पाऊसही उघडत नव्हता. कागदावर शू झाली की त्याच क्षणी, ती अजून तिथेच उभी असताना, उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा तिच्या तोंडात जायला हवा, घरात परत आल्यावर नव्हे. घरात आल्यावर दिला तर तिच्या लेखी तो घरात आल्याबद्दलचा खाऊ ठरतो. पिल्लाच्या मनात कृती आणि फळ यांची गाठ दोन-तीन सेकंदांतच बसते, हे मला फार उशिरा उमगले.

उशिरा म्हणजे कसे, तेही सांगून टाकते. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ऑफिसची घाई असताना तिने माझ्यासमोर नव्या सतरंजीवर शू केली आणि मी खूप मोठ्याने ओरडले. ती कान पाडून टेबलाखाली गेली. मला वाटले, समजले हिला. नंतरचे चार दिवस घरात कुठेही शू दिसली नाही, कागद मात्र कोरडाच राहायचा. पाचव्या दिवशी सोफा सरकवला तेव्हा मागच्या भिंतीलगत वाळलेल्या डागांची रांग निघाली. माझ्या ओरडण्यातून ती एवढेच शिकली होती की हिच्यासमोर शू करणे धोक्याचे आहे. त्यामुळे गॅलरीत मी शेजारी उभी असले की तिला शू होईना आणि जे कागदावर व्हायला हवे होते ते सोफ्यामागे जाऊन होऊ लागले. ती एक चूक निस्तरायला पुढे तीन आठवडे लागले. पिल्लाचे नाक त्याच्या घाणीत घासायचे किंवा कागदाची सुरळी करून मारायचे, हे जुने उपाय अजूनही छातीठोकपणे सांगितले जातात. त्यांतून पिल्लू शिकते ते हेच, फक्त जास्त भीतीसह. डाग पुसायला फिनाईलही वापरू नये, कारण ते पंज्यांना लागते आणि पंजे चाटले जातात. आम्ही व्हिनेगर आणि पाणी वापरले. वास उरला की ती जागा कायमची ठरते, त्यामुळे सतरंजी दोनदा धुतली.

डॉक्टरांकडच्या फेऱ्यांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण वेळापत्रक प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मिळतो आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत पुढचे डोस दिले जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. जंताचे औषध आम्हांला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायला सांगितले होते. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकून राहतो, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत तिला अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडायचे नाही, अशी ताकीद मिळाली.

पण याच काळात पिल्लाला जग दाखवायचे असते, हा खरा पेच आहे. तीन ते साधारण चौदा आठवडे या वयात पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते, ते त्याला पुढे आयुष्यभर नेहमीचे वाटते. या काळात जे राहून गेले, त्याची मोठेपणी भीती वाटू शकते. त्यावर तोडगा असा निघाला की जमिनीवर सोडायचे नाही, पण कडेवर घेऊन फिरवायचे. मी तिला रोज संध्याकाळी ओढणीत घेऊन रिक्षा थांब्यापर्यंत जात असे. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, मुंडावळ्या बांधलेला घोडा, जे समोर येईल ते ती खाऊ खात पाहायची.

पुण्यात राहणाऱ्यांना यात एक आयती सोय आहे. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीकाठच्या मांडवांत ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आम्ही पहिल्या दिवशी इतक्या लांब उभे राहिलो की ढोल जेमतेम ऐकू येत होता. तिचे कान वळले, पण तुकडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी वीस पावले पुढे गेलो, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. एका संध्याकाळी मुलाच्या हट्टाखातर पुलाच्या तोंडापर्यंत गेलो तेव्हा तिने कोंबडीकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि माझ्या खांद्यात नखे रोवली. खादाड पिल्लाने खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलो आहोत, हे त्या दिवशीपासून आमचे माप ठरले. परत मागे गेलो आणि पुढचा आठवडाभर तिथेच थांबलो. विसर्जनाच्या दिवशी खिडकीतून ढोल ऐकू येत असताना ती पाय वर करून झोपली होती.

खाण्याच्या बाबतीत आईंशी वाटाघाटी कराव्या लागल्या. कुत्र्याला दूध-पोळी, हे त्यांच्या माहेरचे शास्त्र होते. परंतु आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईचे दूध पचत नाही आणि पातळ शी सुरू होते. खारीलाही झाली. शिवाय वाढत्या हाडांना नुसती पोळी पुरत नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा, असा क्रम आम्ही ठेवला. त्यात भात, उकडलेली कोंबडी किंवा अंडे, थोडा लाल भोपळा आणि निम्मे पिल्लांचे तयार खाद्य असे. गुरुवारी आमच्या घरात अंडेही शिजत नाही, त्या दिवशी फक्त तयार खाद्य. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, म्हणून उरलेली भाजी किंवा आमटी कालवणे बंद झाले. खरा वाद झाला तो प्रसादाच्या शिऱ्यावरून. “देवाचा प्रसाद कोणाला बाधतो का?” असे आई म्हणाल्या. प्रसाद बाधत नाही, पण त्यातले बेदाणे कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे मुलाने शाळेतल्या प्रकल्पाच्या गांभीर्याने आजीला समजावले. तेव्हापासून आमच्या शिऱ्यात बेदाणे नसतात. सगळ्यांनाच नसतात, कारण वेगळे भांडे घासणार कोण, असा आईंचा रोकडा सवाल होता.

चावण्याबद्दल एवढेच सांगते की ते रागाचे लक्षण नाही. चौथ्या महिन्यात दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि माणसाचा हात मऊ असतो. मुलगा ओरडत पळायचा आणि तिला तो खेळ वाटायचा. दात लागले की त्याच क्षणी खेळ थांबवून गप्प उभे राहायचे, आणि थंड केलेले गाजर किंवा गाठ मारलेला ओला पंचा तोंडात द्यायचा, या दोन गोष्टींनी दीड महिन्यात फरक पडला. तोवर दोन चपला, एक चार्जरची वायर आणि माझ्या नवऱ्याचा धीर गेला. सप्टेंबरात एकदा केर काढताना पायपुसण्यात तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. तो आईंनी हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे, आणि ही गोष्ट त्या कबूल करत नाहीत.

आता शिकवण्याबद्दल. मी नाकासमोर तुकडा धरून हात हळूहळू तिच्या डोक्यामागे नेत असे. नाक वर जाई, बूड आपोआप खाली टेके आणि त्या क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा दिला जाई. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटेच. आठवड्याभरात ती बसू लागली. मग हळूहळू बिनसली. मी ‘बस’ म्हटले की कधी बसायची, कधी नुसती बघत राहायची, कधी थेट जेवणाच्या टेबलाकडे निघून जायची. मला वाटले, वयाचा परिणाम असेल.

कारण एका रात्री जेवताना सापडले. मी आईंना भात वाढत होते. “बस, बस, किती वाढशील!” असे त्या म्हणाल्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खारी ताठ बसली. आईंनी समोर न पाहता पोळीचा तुकडा खाली सोडला. त्यानंतर मी दिवसभर लक्ष ठेवले. चहात साखर घालताना “बस”, मुलगा मोबाइलवर असताना “आता बस झालं”, ती अंगावर उड्या मारू लागली की “बस गं पोरी”, आणि रिक्षाने जायचे की बसने, हीही चर्चा तिच्यासमोर झाली. दिवसभरात हा शब्द आम्ही वीसएक वेळा उच्चारला, त्यांतल्या फार तर पाच वेळा तिने बूड टेकावे अशी आमची अपेक्षा होती आणि पोळी मात्र फक्त आईंकडून, टेबलाशेजारी, न चुकता मिळत होती. तिचा हिशेब चोख होता. गोंधळ आमचाच होता.

त्याच रात्री घराची बैठक झाली. बसण्यासाठी ‘खाली’ हा शब्द ठरला, सोबत तळहात वर उचलण्याची खूण, कारण शब्दापेक्षा हाताची खूण कुत्रे लवकर पकडते असे दिसले. ‘ये’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे बाकीचे तीन शब्द मुलाने कागदावर लिहून फ्रीजवर लावले आणि त्यांखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ‘ये’ म्हणून बोलावल्यावर कधीही रागवायचे नाही, आंघोळीसाठी किंवा औषधासाठी हवी असेल तर स्वतः जाऊन उचलून आणायचे, हे कलम नवऱ्याने सुचवले आणि ते सगळ्यांत उपयोगी पडले. जेवताना टेबलाखाली काही द्यायचे नाही, या कलमावर आईंनी सही केली, पण तोंड वाकडे करून. वाढताना ‘बस’ म्हणण्याऐवजी ‘पुरे’ म्हणायचे, हेही त्यांनी मान्य केले.

हे लिहीत आहे तेव्हा खारी सहा महिन्यांची आहे. ‘खाली’ म्हटल्यावर ती लिफ्टमध्येही बसते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची तक्रार अर्ध्यावर आली आहे. परवा दिवाळीच्या पाडव्याला नणंदेकडची मंडळी जेवायला होती. मी नंदावांना श्रीखंड वाढू लागले, त्यांनी ताटावर आडवा हात धरून “पुरे, पुरे!” म्हटले आणि बेडरूममधून नखांचा टकटक आवाज करत खारी आली व आईंच्या खुर्चीशेजारी ताठ बसली. सगळ्यांनी आईंकडे पाहिले. आई श्रीखंडाकडे पाहत होत्या.