दोन ॲप, दोन आकडे आणि बाबांचं सकाळचं फिरणं

माझ्या सासऱ्यांना दमा आहे. पावसाळाभर ठीक असतात, पण दिवाळीनंतर पंप हाताशी ठेवावा लागतो. हवा बघून बाहेर पडा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी मोबाइलवर दोन ॲप घेतली. एक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर', दुसरं परदेशी. आम्ही चेंबूरला राहतो, ते ठिकाण निवडलं, झालं.

अडलं ते पुढे. एकाच सकाळी समीरवर 'मध्यम' आणि परदेशी ॲपवर लाल. बाबा बूट घालून दारात, "काय गं, जाऊ की नको?" परदेशी ॲपच्या मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, ॲप अपडेट करा. केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली सही दुसऱ्याची. आकडा कशावरून काढता, एवढंच मी विचारत होते. घरात माणूस धापा टाकतोय आणि हे लोक छापील ओळी पाठवतात, याचा मला अजून राग येतो. ऐन थंडीतले कितीतरी दिवस त्यात गेले, आणि तेवढे दिवस बाबा रोज अंदाजानेच बाहेर पडत होते.

शेवटी मंडळाचा हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा, म्हणजे ॲपवर दिसणाऱ्या आकड्याचा, तक्ता मीच उघडून बसले. हवेतले सूक्ष्म कण, म्हणजे पीएम 2.5, दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असले की आपला निर्देशांक 100 येतो. ही 'समाधानकारक'ची शेवटची पायरी. तीच हवा अमेरिकी पद्धतीत दीडशेच्या पुढे, म्हणजे लाल रंगात, जाते, आणि परदेशी ॲप ती पद्धत वापरत होतं. शिवाय आपला निर्देशांक 24 तासांच्या सरासरीवर काढतात. पहाटे धूर कोंडलेला असला तरी आदल्या दुपारची बरी हवा त्यात मिसळलेली असते. त्यामुळे आत्ता, सात वाजता, दम्याच्या माणसाने खाली उतरावं का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पीएम 2.5 चा त्या तासाचा मायक्रोग्रॅममधला आकडाच बघायचा. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तासातासाचा आलेख बाबांना दाखवला. थंडीत रेघ पहाटे वर, दुपारी खाली. "सकाळची हवा शुद्ध असते, आयुष्यभर हेच ऐकलंय," ते म्हणाले. पण हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, धूळ-धूर तिच्यात अडकतो. ऊन तापलं, समुद्रावरून वारा सुटला की मोकळं होतं. दोन दिवस कुरकुरले, मग चार वाजता निघायला लागले. आता रात्री खोकला कमी असतो.

हो, ॲपमध्ये हवा मोजणाऱ्या केंद्राचं नाव जरूर तपासा. चेंबूर निवडलं तरी कधी देवनारचा आकडा समोर येतो, आणि कचराभूमीजवळची हवा म्हणजे आपल्या गल्लीची नव्हे. काही ॲप तर यंत्र नसलेल्या जागेचा आकडा गणिताने काढतात. उद्याचा अंदाज हवा असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा 'सफर' बघा, मुंबईसाठी तो 2015 पासून आहे.

कोणत्या आकड्याला घरी थांबायचं, ते मात्र डॉक्टरांनाच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा 15 मायक्रोग्रॅम आहे, आपली 60.

आणि आकडा चांगला असला तरी शीव-ट्रॉम्बे रस्त्याच्या कडेने चालू नका. केंद्र लांब असतं, बसचा धूर त्याला दिसत नाही. बाबा आतल्या गल्लीने डायमंड गार्डनला जातात, आणि शेजारी कुठे पाडकाम सुरू असेल त्या दिवशी एन-95 मास्क लावतात. साध्या कापडी मास्कने हे कण अडत नाहीत.