आधी माळा, मग पंखा

मी इथे 'राष्ट्रीय सेवा' करते असं भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे एनएसएस? या वयात?" त्याचं फारसं चुकलं नव्हतं. कॉलेजच्या शिबिरात आम्ही शोषखड्डे खणले होते. अमेरिकॉर्प्स म्हणजे अमेरिकेच्या सरकारची तशीच सेवा योजना. तिच्यात जवळजवळ वर्षभर शिबिरच असतं, १७०० तास भरायचे असतात आणि खड्डे खणायच्या ऐवजी आम्ही घरांतली ऊब जिथून निसटते ती भोकं शोधतो. पगार म्हणायचं नाही, निर्वाह भत्ता म्हणायचं. नोकरी म्हणायचं नाही, सेवा म्हणायचं. ग्रीनकार्ड आल्यावर पहिलं वर्ष मी साधी सदस्य होते, दुसऱ्या वर्षी टीम लीडर केलं. माझं वय ४३, टीममधली मुलं १९ ते २४ वर्षांची. ती मला नावाने हाक मारतात, त्याची सवय व्हायला सहा महिने लागले.

त्या दिवशी मिनियापोलिसच्या ईशान्य भागातलं एक दीड मजली जुनं घर होतं. जानेवारी, बाहेर उणे २२. पागोळ्यांच्या जागी हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबत होते. लोक त्यांचे फोटो काढतात. आम्हाला त्यात छपरातून निसटलेली ऊब दिसते, म्हणजे गॅसचं बिल. घरात एकटी ७८ वर्षांची आजी. (ती मला 'हनी' म्हणायची, मी मनात तिला आजीच म्हणत होते.) तिची तक्रार नेहमीचीच : खिडक्यांतून वारा येतो, खिडक्या बदलून द्या.

खिडक्या विकणाऱ्यांनी दोन पिढ्यांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसवलंय की काय सांगावं. थंडीत घराचं धुराडं होतं. गरम हवा वर चढते, छताच्या फटींतून माळ्यावर जाते आणि तिची जागा भरायला खालून, तळघरातून, गार हवा आत ओढली जाते. खरी भोकं डोक्यावर असतात : दिव्यांच्या खोबणी, नळांचे पाइप वर जातात ती पोकळी, माळ्याचं झाकण. माळ्यावर ऊब धरायला अंथरलेल्या फायबरग्लासवर काळे डाग दिसले की समजावं, इथून वर्षानुवर्षं हवा जातेय आणि ते फायबर तिची धूळ गाळतंय. ही खूण मला कुणी शिकवली नाही, माझी मीच शोधली असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर कळलं, या धंद्यातल्या प्रत्येकाला तसंच वाटतं.

भोकं मोजायला आमच्याकडे पंखा असतो. दाराच्या चौकटीत अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर कापड ताणून बसवायचं, कापडाच्या भोकात पंखा. तो घरातली हवा बाहेर फेकतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी झाला की मिनिटाला किती घनफूट हवा जातेय ते वाचायचं. जेवढी बाहेर गेली, तेवढीच फटींतून आत आली. मग उलट्या हाताने भिंती चाचपत फिरायचं. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला वारा लवकर कळतो. पंखा लावण्याआधी घर तापवणारी गॅसची भट्टी आणि पाण्याचा गॅस गीझर बंद करावा लागतो, नाहीतर त्यांचा धूर घरात ओढला जातो. बंद केलेला गीझर विसरून निघू नये म्हणून मी गाडीची किल्ली त्याच्यावरच ठेवते. ही युक्ती मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगते, आणि पंख्याच्या पेटीच्या झाकणावर माझ्या अक्षरात चिकटवलेलं वाक्यही दाखवते : आधी माळा, मग पंखा.

त्या दिवशी मीच उलटं केलं.

माळ्याचं झाकण आजीच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात होतं आणि कपाट कपड्यांनी ठासून भरलेलं. ती ओशाळली. म्हणाली, "मी एवढं आवरते, तोवर तुमचं बाकीचं होऊ दे." माझ्या आईनेही हेच म्हटलं असतं. पाहुण्याने पसारा पाहण्यापेक्षा घर गार राहिलेलं परवडलं. शिवाय त्या दिवशी तीन घरं होती. आमच्या संस्थेत महिनाअखेरीला 'पूर्ण झालेली घरं' मोजतात. अर्ध्यात थांबवावं लागलेलं घर कुठल्याच रकान्यात चमकत नाही. वरचे म्हणतात, आकड्यांसाठी घाई करू नका. आणि मग आकडे मागतात.

मी सोबतच्या पोरीला पंखा लावायला सांगितलं. ती टीममधली सगळ्यात धाकटी. तिने झाकणावरच्या वाक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लावला. दहा वीसला सुरू, बारा मिनिटं चालला. घर भरपूर गळत होतं. आम्ही खूशही झालो, कारण जास्त गळणाऱ्या घरात काम दिसतं.

पावणेअकराला पोरगी मास्क आणि डोक्यावरचा दिवा लावून शिडीवर चढली. झाकण सरकवलं आणि काही बोलेचना. मग म्हणाली, "तू वर येऊन बघ." फायबरग्लासचा पट्टा एका कडेला सरकला होता आणि त्याच्याखाली बारीक खडी दिसत होती. करडी, मधूनच सोनेरी चकाकणारी, अकॉर्डियनच्या भात्यासारख्या घड्या असलेली.

"हात लावलास?"

"नाही."

ते व्हर्मिक्युलाइट होतं, भाजून फुलवलेलं खनिज. जुन्या घरांत ऊब धरायला ते माळ्यावर ओतायचे. गच्चीवर बाग करणाऱ्यांना ते माहीत असतं, कुंडीच्या मातीत घालतात. ते मुळात वाईट नाही. पण अमेरिकेत १९१९ ते १९९० या काळात विकलं गेलेलं ७० टक्क्यांहून जास्त व्हर्मिक्युलाइट माँटाना राज्यातल्या लिबी गावाच्या एकाच खाणीतून आलं आणि त्या खाणीत त्याच्या जोडीला ऍस्बेस्टॉस होतं, ज्याचे तंतू श्वासातून आत गेले की कॅन्सर होऊ शकतो. म्हणून माळ्यावर ते दिसलं की तपासत बसायचं नाही, ऍस्बेस्टॉस आहे असंच धरायचं. ढवळायचं नाही. आणि हवा बाहेर फेकणारा पंखा तर अजिबात लावायचा नाही. थंडीत त्या घरातली हवा खालून वर जात होती, त्या बारा मिनिटांत आम्ही ती वरून खाली ओढली.

आजीला स्वयंपाकघरात बसवून मी सगळं सांगितलं, पंख्याचंही. तिने शांतपणे ऐकलं, मग हसली. या भागात लिबीचं व्हर्मिक्युलाइट भाजून फुलवणारा कारखाना होता, १९८९ पर्यंत चालला. उरलेली खडी लोकांना फुकट होती. लोकांनी ती नेऊन अंगणात आणि बागेत टाकली. पुढे केंद्राच्या पर्यावरण खात्याने कितीतरी आवारांतली माती उकरून नेली. "लहानपणी आम्ही त्या ढिगावरून घसरगुंडी करायचो," आजी म्हणाली, "तू बारा मिनिटांचं काय घेऊन बसलीस?"

मला हायसं वाटलं. तेच आता खुपतं. तिच्या लहानपणीच्या ढिगाने माझ्या चुकीचं वजन का कमी व्हावं?

पुढचं काम तासाभरात उरकलं. माळ्याचं झाकण खालूनच पट्टी लावून बंद केलं, पुन्हा उघडू नका म्हणून बजावलं. ख्रिसमसच्या सजावटीची खोकी वरच आहेत, ती आता वरच राहणार. दाराखाली ब्रश, गरम पाण्याच्या पाइपांना फोम, दिवे बदलले. किल्ली उचलली, गीझर लावला. छताचं खरं काम स्थगित. तसं छापील पत्र असतं, ते तिच्या हातात दिलं. माळा साफ करून घेतला तर खर्चाचे ५५ टक्के एका न्यासाकडून परत मिळू शकतात, पण आधी पूर्ण शंभर टक्के खिशातून घालावे लागतात. गॅसचं बिल भरताना जिची ओढाताण होते, तिला हे वाचून दाखवताना माझा आवाज मलाच सरकारी वाटत होता. आमच्या 'स्थगित' यादीत तिचा घर क्रमांक अजून आहे.

गाडीत बसल्यावर पोरीने फॉर्म काढला. थंडीत टॅब्लेट मान टाकतात, म्हणून आमचे फॉर्म अजून कागदी आहेत. त्यात दोन शेजारशेजारचे रकाने आहेत : माळा पाहिल्याची वेळ, पंखा सुरू केल्याची वेळ. तिने पेन टेकवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पंख्याची वेळ काय लिहू?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं की या प्रश्नाला लीडर काय उत्तर देतात. मी म्हणाले, "झाली ती. दहा वीस." ऑफिसात मी स्वतः जाऊन सांगितलं, नियम पुन्हा वाचून दाखवण्यात आले, कुणी रागावलं नाही. पोरीचं कौतुकही झालं.

पण मी ते लगेच म्हणाले नव्हते. फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. '१०:२०' मधल्या १ च्या आधी शाईचा एक ठिपका आहे, मिरीएवढा, कागदात पसरलेला. पेन तिथे टेकवून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.