उड्डाणपूल, पण उड्डाणपुलाखाली

‘उड्डाण पूला खाली गाडी लावू नये.’ नाशिकमध्ये अशा मजकुराला तोटा नाही. एकाच शब्दात तीन चुका आहेत: समास तोडला, ‘खाली’ सुटे लिहिले आणि ‘पू’ दीर्घच ठेवला. हवे होते ‘उड्डाणपुलाखाली’.

पहिल्या दोन चुका सहज सुधारतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आधीच्या शब्दाला चिकटवूनच लिहायची: नाशिकमध्ये, मंदिराजवळ, पंचवटीपर्यंत. फोनवर सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड पुढे आपोआप जागा सोडतो आणि ‘मध्ये’ वेगळे पडते. ती जागा हाताने खोडावी लागते, इलाज नाही.

खरी गोम ‘पू’ची. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ असतो: पूल, मूल, वकील, जमीन. प्रत्यय लागताना ते शेवटचे अक्षर दीर्घ झाले की आधीचे ऱ्हस्व होते: पुलावर, मुलाला, वकिलाकडे, जमिनीचा. म्हणूनच ‘सातपूरला’, ‘सातपूरहून’, पण ‘सातपुरात’. ‘ला’पूर्वी ‘र’ जसाच्या तसा राहतो, ‘सातपुरात’मध्ये त्याचा ‘रा’ होतो. (खुद्द ‘नाशिक’चा ‘शि’ ऱ्हस्व आहे. विशेषनामाचे रूढ रूप आहे, तिथे नियम चालवू नये.)

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले (तत्सम) शब्द मात्र प्रत्यय लागला तरी आपली वेलांटी सोडत नाहीत: शरीराला, गीताची. ‘गुण’, ‘मंदिर’ हे तर मुळातच ऱ्हस्व. शब्द कुठला, हे कसे ओळखायचे? ‘शरीर’चे ‘शारीरिक’ होते तसे संस्कृत वळणाचे विशेषण बनत असेल तर तो बहुधा तत्सम. ‘जमीन’चे तसे काही होत नाही. आणि या ‘-इक’मधली वेलांटी नेहमी ऱ्हस्व, त्यामुळे फ्लेक्सवरचे ‘हार्दीक’ चूकच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये त्यात पडलेली ४ नियमांची भर, एवढे छापून टेबलावर ठेवले तरी बराच प्रश्न मिटतो.

विरामचिन्हांबद्दल थोडक्यात: स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा नाही, नंतर एक.

आता टंकलेखनातला एक त्रास. कांदा-द्राक्षांच्या बातम्यांमध्ये ‘शेतकर्यांना’ सर्रास दिसते, हवे ‘शेतकऱ्यांना’. साधा ‘र’ वापरला की य-वर रफार चढतो आणि आचाऱ्यांना दिलेली जेवणाची ऑर्डर थेट आचार्यांना जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो. मग ‘डी’ने हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि स्लॅशच्या कळीने ‘य’. जुना मजकूर सुधारताना मात्र ‘र्य’च्या जागी ‘ऱ्य’ असा सरसकट बदल करू नका, सूर्य, कार्य आणि धैर्य तिन्ही बिघडतील.