सुई भरण्याआधी

सोलापुरात स्वतःचा पशुवैद्यकीय दवाखाना काढू पाहणारे नवे पदवीधर भेटले, की त्यांचे प्रश्न बहुधा यंत्रांविषयी असतात. सोनोग्राफी आधी घ्यावी की एक्स-रे, जागा होटगी रस्त्याला बघावी की जुळे सोलापुरात, असे. हे प्रश्न चुकीचे नाहीत; पण आपल्या भागात दवाखान्याचे नाव होते किंवा जाते ते सुई भरण्याआधीच्या काही मिनिटांत, असे माझे ठाम मत आहे. त्या वेळात आपण मालकाला काय विचारतो, जनावर कसे आवरतो आणि खर्चाबद्दल काय सांगतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

विचारण्यापासून सुरुवात करू. मालक येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, सकाळपासून खात नाही, एक सुई मारून बघा की." या वाक्यात आजाराची माहिती जवळजवळ काहीच नसते. काल वैरण कोणती टाकली, ती बदलली का, जनावर सोडून चरायला गेले होते का, किती दिवसांपूर्वी व्याले, हे आपणच काढून घ्यायचे असते. गळीत हंगामात गोठ्यात उसाचे वाढे स्वस्तात येतात आणि कित्येक ठिकाणी तीच मुख्य वैरण होते. वाढ्यांतील ऑक्झॅलेट हा घटक शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे वाढ्यांवर असलेली दुभती म्हैस बसली तर विचार कुठून सुरू करायचा हे त्या एका उत्तरावरून कळते. ज्वारीचेही तसेच. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेले कोवळे पीक किंवा कापणीनंतर बुडातून आलेले फुटवे खाल्ले, तर सायनाइडची विषबाधा होते. जनावर थरथरते, धापा टाकते, डोळ्यांची व हिरड्यांची त्वचा लालभडक दिसते. सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइट हे उतारे वेळेत शिरेतून गेले तर ते वाचते, मात्र हाताशी असलेला वेळ फार थोडा असतो. अशा वेळी "काल कुठे चरले?" हा प्रश्न कोणत्याही तपासणीपेक्षा लवकर उत्तर देतो.

एक प्रसंग असा आहे की त्यात विचारायला विसरलो तर आपल्याच जिवावर बेतते. गाय लाळ गाळते आहे, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे, आणि मालक म्हणतो की घशात काहीतरी अडकले आहे, हात घालून बघा. हात घालायचा नाही. गेल्या काही महिन्यांत गावात कुत्रे पिसाळले होते का, गाईला चावल्याची खूण आहे का, हे आधी विचारायचे आणि रेबीजचा संशय मनातून जाईपर्यंत तिच्या तोंडाला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडणाऱ्या मावशींनासुद्धा, रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस ० आणि ७ व्या दिवशी व नंतर २१ किंवा २८ व्या दिवशी मिळालीच पाहिजे, आणि तिचा खर्च दवाखान्याने उचलावा. लस झालेली असली तरी चावा किंवा लाळेचा संपर्क झाल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची आणि ० व ३ ऱ्या दिवशीचे डोस घ्यायचे. वार अडकलेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावराला खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावणेही धोक्याचे आहे, कारण ब्रुसेल्ला हा जिवाणूंचा आजार जनावरापासून माणसाला होतो आणि वर्षानुवर्षे सतावतो.

जनावर आवरण्याबाबत पुस्तकातील चित्रे इथे पुरत नाहीत. पंढरपुरी म्हशीची शिंगे तलवारीसारखी मागे खांद्याच्याही पलीकडे गेलेली असतात. खोडा, म्हणजे जनावर अडकवून उभे करण्याची चौकट, करून घेताना ही लांबी सुताराला किंवा वेल्डरला प्रत्यक्ष म्हैस दाखवून समजवावी. खिलार जातीचा बैल चपळ आणि तापट असतो, परक्या माणसाला सहज जवळ येऊ देत नाही. त्याला मालकानेच धरावे आणि आपण त्याच्या नजरेसमोरून शांतपणे जवळ जावे. कुत्र्याचे तोंड बांधावे लागले तर उन्हाळ्यात पट्टी लगेच सोडावी. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर असताना कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, ती वाट फार वेळ बंद ठेवता येत नाही.

आता पैशांविषयी, ज्याबद्दल आपल्याकडे संकोच फार. शेतकऱ्याच्या दृष्टीने म्हैस हे घर चालवणारे साधन आहे, म्हणून उपचार सुरू करण्याआधी अंदाजे खर्च, वाचण्याची शक्यता आणि दूध पूर्ववत येण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात. जनावर वाचेल पण कासेचा एक सड जाईल, हे नंतर कळले तर फसवल्यासारखे वाटते. आधी सांगितले तर तोच माणूस विचार करून निर्णय घेतो. उधारी द्यायची तर वहीत मालकाची सही घेऊन द्यावी.

उपचार सुरू झाल्यावरही घाई नडते. व्यालेली म्हैस मान पोटाकडे वळवून बसली आहे, कान गार पडले आहेत, म्हणजे कॅल्शियम कमी पडल्याचा संशय आहे, आणि आजूबाजूला दहा माणसे "लवकर करा" म्हणत उभी आहेत. तरीही कॅल्शियमची बाटली कोमट करून, शिरेतून सावकाश, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप हृदयावर धरूनच सोडायची. ठोके चुकू लागले की नळी तिथेच बंद करायची. वेगाने गेलेले कॅल्शियम हृदय थांबवू शकते. वेदनाशामक निवडताना डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, हे मालकाने मेडिकलमधून माणसांची गोळी आणली तरी लक्षात ठेवावे; ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

लसीचा फ्रिज २ ते ८ अंशांत राहतो का, हे आतल्या थर्मामीटरवर रोज पाहावे. वीज जाते तेव्हा दार उघडू नये.

शेवटी चिठ्ठी. सोलापुरात मालक मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणारा असतो, म्हणून मात्रा लिहून देताना सकाळ-संध्याकाळची खूण चित्राने करावी आणि त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावी. अँटिबायोटिक दिले असेल तर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, हे तारखेसह लिहावे. दवाखान्यात येतो तो माणूस बहुतेक वेळा धार काढत नाही, घरातली बाई काढते. तेव्हा त्याच्याच फोनवरून तिला लावून ती तारीख आपण स्वतः सांगावी.