हिज्कीयाचा बोगदा करणार असाल तर आधी लाखीश बघा

जेरुसलेमला गेलेले बहुतेक जण हिज्कीया राजाने खोदवलेल्या पाण्याच्या बोगद्यातून चालून येतात, फोटो टाकतात आणि विषय संपतो. पण तो बोगदा का खोदला हे जेरुसलेममध्ये नीट कळतच नाही, त्यासाठी दक्षिणेला जावं लागतं, म्हणून आम्ही उलट्या क्रमाने केलं.

थोडक्यात बॅकग्राउंड. उत्तरेचं इस्राएल राज्य असीरियाच्या बलाढ्य साम्राज्याने इ.स.पू. 722 च्या सुमारास गिळलं होतं, दक्षिणेला उरलं होतं छोटंसं यहूदा, राजधानी जेरुसलेम. तिथल्या हिज्कीया राजाने असीरियाला द्यायची खंडणी बंद केली आणि गावोगावची पूजास्थानं मोडून पूजा फक्त जेरुसलेमच्या मंदिरात आणली, मोशेच्या नावाने चालत आलेला पितळेचा सापसुद्धा फोडला. बायबल याला निव्वळ धर्मनिष्ठा म्हणतं, मला तरी त्यात लढाईआधी सगळी सूत्रं राजधानीत ओढून घेणं पण दिसतं.

तेल अरादला (यहूदाचा दक्षिणेकडचा जुना किल्ला) छोटं देऊळ आहे, त्यातल्या धूपवेद्या आडव्या पाडून मातीखाली गाडलेल्या सापडल्या (2020 मध्ये एकीवर चक्क गांजाचे अंश निघाले!). तिथे आता प्रतिकृती आहेत, ओरिजिनल इस्रायल म्युझियममध्ये. बीरशेबाच्या वेदीचे दगड तर कोठाराच्या भिंतीत वापरून टाकलेले. हे सगळं हिज्कीयानेच केलं का यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण बघताना अंगावर येतं. बीरशेबा-डिमोना भागात कोकणातून गेलेले बेने इस्रायली (मराठी बोलणारे ज्यू) बरेच आहेत, त्यामुळे कानावर मराठी पडली तर दचकू नका.

लाखीश, म्हणजे यहूदाचं तटबंदीचं जुनं शहर, मात्र चुकवू नकाच. वेशीतल्या देवळात वेदीची शिंगं (कोपऱ्यांवरचे वर आलेले दगडी भाग) छाटलेली आणि आत दगडी संडास बसवलेला सापडला, म्हणजे जागा मुद्दाम बाटवलेली. नैऋत्य कोपऱ्यात असीरियाचा राजा सन्हेरीबच्या सैन्याने इ.स.पू. 701 मध्ये वेढा घालताना तटावर चढायला रचलेला दगडांचा चढ अजून आहे, वर उभं राहून खाली बघितलं की आतल्या लोकांचं काय झालं असेल ते समजतं. सावली जवळजवळ नाही, टोपी आणि भरपूर पाणी घ्या, सकाळी लवकर जा, बसच्या नादी न लागता गाडी भाड्याने घ्या.

मग बोगदा. 533 मीटर, गीहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत, वेढा पडला तरी पाणी तटाच्या आत यावं म्हणून. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत येतं मग कमी होतं, काही ठिकाणी खांदे घासतात, बंद जागेची भीती असेल तर शेजारचा कोरडा मार्ग घ्या. टॉर्च आणि पाण्यातले सँडल हवेतच. दोन टोकांनी खोदत आलेल्या टोळ्या जिथे भेटल्या तिथे वळणं वेडीवाकडी होतात आणि भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांची दिशा उलटते, तिथे टॉर्च तिरका धरून बघा, घाई करू नका मागचे थांबतात. बाहेर सिल्वान ही पॅलेस्टिनी वस्ती आहे, उत्खननावरून तिथे वाद आहे, फोटो काढताना भान ठेवा.

जुन्या शहरात ज्यू क्वार्टरमधली हिज्कीयाच्या काळातली सात मीटर रुंद तटाची भिंत फुकट आणि पाच मिनिटांची, जाता जाता होते. सन्हेरीबने हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं असं स्वतःच्या लेखात कोरून ठेवलंय, पण शहर पडलं कुठेच लिहिलेलं नाही, खंडणी मात्र जबर वसूल केली.

शुक्रवारी दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बसेस बंद असतात आणि बोगदाही, त्यानुसार दिवस लावा आणि निघण्याआधी तिथली सुरक्षेची परिस्थिती बघून घ्या. बोगदा कसा खोदला ते सांगणारा आतला मूळ शिलालेख इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आणि लाखीशच्या वेढ्याची शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, परतीचं विमान यातल्या एखाद्या शहरातून असेल तर लांबचा लेओव्हर घ्या.