जुनी गाडी, ‘नवी’ बॅटरी आणि सांगलीचा ग्राहक आयोग: माझा अनुभव

सांगलीत जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न किलोमीटरचा नसतो. ‘पुरातली नाही ना?’ हा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, आणि त्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. त्यामुळे आम्ही गाडी बघितली ती त्याच नजरेनं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधली, स्टेपनीची खाच बघितली, कार्पेट उचलून गंज बघितला. सगळं ठीक होतं. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका डीलरकडून, ३,८५,००० रुपयांना. मी तासगावच्या शाळेत शिकवते, रोजची ये-जा एसटीनं नको झाली होती.

बॅटरीबद्दल ह्यांनी स्पष्ट विचारलं होतं. डीलरनं व्हॉट्सअॅपवर गाडीचे फोटो पाठवले तेव्हाच खाली लिहिलं होतं: ‘बॅटरी नवीन, वॉरंटी बाकी.’ हे एक वाक्य पुढे सगळ्या प्रकरणात आमच्या कामाला आलं. वॉरंटी कार्ड मात्र ‘शोधून देतो’ म्हणाला, ते काही आलं नाही.

गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून सुरू केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डीलरला फोन केला. तो म्हणाला, ‘अहो मॅडम, वापरलेली गाडी म्हटल्यावर थोडंफार होतंच की. तुम्ही लाइट चालू ठेवला असेल.’ बॅटरी झिजणारी वस्तू आहे, तिची गॅरंटी कुणीच देत नाही, असंही वर ऐकवलं.

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण बहुतेकांचं प्रकरण इथेच बिघडतं. बॅटरी मेली की माणूस सरळ दुकानात जातो, जुनी एक्स्चेंजमध्ये देतो, नवी बसवतो आणि नंतर डीलरशी भांडायला जातो. तोवर पुरावा भंगारात गेलेला असतो. शिसं असल्यामुळे जुन्या बॅटरीला भाव मिळतो, दुकानदारही लगेच मागतो, आणि पैसे कमी पडत असले की देऊन टाकावीशी वाटते. देऊ नका.

आम्ही कुपवाडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हा माणूस कमी बोलणारा, पण हातातलं मीटर बोलणारं. आधी त्यानं मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट. मला वाटलं, झालं, बॅटरी चांगलीच निघाली म्हणायची. तो हसला. ‘मॅडम, ह्यात काय राम न्हाई. मेलेली बॅटरीबी रातभर चार्जिंगला लावली की सकाळी इतकं दाखवती. खरं काय ते लोड टाकल्यावर.’ मग मला सेल्फ मारायला लावला आणि मीटर माझ्याकडे धरला. १२.५ वरून काटा सरळ सातच्या घरात. चांगली बॅटरी सेल्फच्या वेळी साधारण साडेनऊच्या खाली जात नाही, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर टेस्टर लावून त्यानं छापील पट्टी काढली. बॅटरीची जी क्षमता असायला हवी तिच्या निम्मीसुद्धा उरली नव्हती, आणि खाली लिहिलेलं होतं, बदला.

त्याच बैठकीत मी त्याला आणखी दोन गोष्टी मोजायला सांगितल्या, कारण ‘लाइट चालू ठेवला असेल’ हे वाक्य डोक्यात घुमत होतं. एक, गाडी चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो, किती देतोय. १४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. दुसरं, गाडी बंद करून, दारं लावून, थोडा वेळ थांबून बॅटरीतून किती करंट गळतोय. साधारण ५० मिलिअॅम्पिअरपर्यंत चालतं म्हणे, आमच्या गाडीत तीसच्या आसपास होता. म्हणजे वायरिंगमध्ये पुराचं पाणी नाही, आमच्याकडून काही चालू राहिलेलं नाही, अल्टरनेटर ठणठणीत. उरली फक्त बॅटरी. हे तिन्ही आकडे त्यानं बिलाच्या कागदावर गाडीच्या नंबरसकट लिहून, सही-शिक्का मारून दिले. पट्टीचा थर्मल कागद काही महिन्यांत कोरा पडतो, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढली.

बॅटरीवर ठोकलेला सीरियल नंबर त्या कंपनीच्या सांगलीतल्या विक्रेत्याकडे नेला. त्यानं कॉम्प्युटरवर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. बॅटरी विकली गेली होती चार वर्षांहून आधी, वॉरंटी केव्हाच संपलेली. त्याचा प्रिंट मागितला, आढेवेढे न घेता दिला. नवी बॅटरी ५,२०० ला घेतली, जुनी परत न देता, त्यामुळे थोडे जास्त गेले. जुनी घरी गॅलरीत फळीवर उभी करून ठेवली. सासूबाई रोज तिच्याकडे संशयानं बघायच्या.

मग कायदा वाचायला बसले. इथे माझा एक समज आधी गळून पडला, आणि तो बऱ्याच जणांचा असतो. जुन्या गाडीची बॅटरी लवकर गेली म्हणून कायदा आपोआप आपल्या बाजूनं उभा राहत नाही. चार वर्षांची बॅटरी ‘चार वर्षांची’ म्हणून विकली असती आणि ती आठवड्यात मेली असती, तर माझ्याकडे बोलायला फारसं काही नव्हतं. प्रश्न बॅटरी गेल्याचा नाही, ‘नवीन’ म्हणून सांगितल्याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, जुनी वस्तू नवी म्हणून दाखवणं, आणि योग्य चाचणीचा आधार नसताना ती किती टिकेल याची हमी देणं, हे सगळं त्यात येतं. बिल न देणंही त्याच व्याख्येत आहे. आम्हाला बिलाऐवजी एक डिलिव्हरी नोट मिळाली होती, तळाला बारीक अक्षरात: ‘गाडी पाहून, तपासून, पसंत पडल्यावर घेतली आहे. यापुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.’ डीलर सगळीकडे हेच वाक्य पुढे करत होता. पण पाहून पसंत केली याचा अर्थ त्यानं व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं खरं ठरतं असा होत नाही.

आधी १९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, समोरच्याला कळवून मध्यस्थी करू शकते एवढंच. आमच्या डीलरनं तिकडे उत्तरच दिलं नाही. तरी तो नंबर पुढच्या कागदांत लावला, कारण आपण आधी समजुतीनं घेतलं होतं हे त्यातून दिसतं.

मग नोटीस. वकील लावायची सक्ती नाही, मी स्वतः लिहिली, ओळखीच्या वकिलांनी एकदा नजरेखालून घातली. व्हॉट्सअॅपचा मजकूर तारखेसकट, इलेक्ट्रिशियनचे आकडे, सीरियल नंबरची माहिती, आणि मागणी: बॅटरीची किंमत, तपासणीचा खर्च, नुकसानभरपाई. शेवटी एक वाक्य मुद्दाम घातलं. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याकडे आरटीओचं अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रत पाठवावी. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवली. माझ्या मते नोटिशीतलं सगळ्यात जड वाक्य तेच होतं.

उत्तर आलं ते वकिलामार्फत. बॅटरी झिजणारी वस्तू, गाडी ‘जशी आहे तशी’ विकली, हे अपेक्षित होतंच. तिसरा मुद्दा मजेशीर होता: ह्यांचं खतं-औषधांचं दुकान आहे, म्हणून गाडी व्यवसायासाठी घेतली, म्हणून मी ग्राहकच नाही! व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, हे खरं आहे. पण आरसी माझ्या नावावर, पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून, आणि गाडी उभी असते शाळेच्या आवारात. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन तो मुद्दा तिथेच मिटवला.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरली, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली. फी किती लागते, तर काही नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. इथे रक्कम म्हणजे गाडीची किंमत धरायची. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे गाडी कोल्हापूरहून किंवा पुण्याहून आणली असली तरी हेलपाटे तिकडे घालावे लागत नाहीत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, आणि व्हॉट्सअॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासोबत द्यावं लागतं ते, प्रमाणपत्र जोडलं. स्कॅन नीट वाचता येत नाही म्हणून एकदा कागद परत आले. मोबाइलनं काढलेले फोटो नकोत, दुकानातून सरळ स्कॅन करून घ्या.

तक्रार दाखल करून घेतल्यावर आयोगाची नोटीस डीलरला गेली. त्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापलीकडे नाही. कायद्यात वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद आहे आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. त्यासाठी गॅलरीतली बॅटरी तयारच होती. पण तिथवर गेलंच नाही. मुदत संपायच्या आत त्याच्या वकिलांचा फोन आला, ‘मॅडम, कशाला ताणायचं, मिटवून टाकू.’

मधेच शाळेतल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, त्यानं पलूसच्या एका ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली होती, त्याचीही बॅटरी अशीच गेली होती. त्याला नाही म्हणावं लागलं. विकणारा गाड्यांचा व्यापार करत नाही, स्वतःची एक गाडी विकतो, तेव्हा ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असतो. फसवून विकली असेल तर दिवाणी न्यायालय, आणि एवढ्या रकमेसाठी तिकडे कोण जातंय. त्यानं निमूटपणे नवी बॅटरी बसवली.

आमची तडजोड अशी झाली: बॅटरीचे पूर्ण पैसे, इलेक्ट्रिशियनचा खर्च आणि तक्रारीचा खर्च म्हणून ३,००० रुपये. मानसिक त्रासाची भरपाई मी सोडली. आदेश झाला असता तर थोडं जास्त मिळालं असतं, पण पुढे राज्य आयोगात अपील झालं असतं तर वर्ष गेलं असतं. फोनवरच्या शब्दावर तक्रार मागे घेतली नाही. रक्कम खात्यात जमा झाल्यावर दोघांच्या सह्यांची पुरसिस, म्हणजे प्रकरण मिटल्याचं लेखी निवेदन, आयोगापुढे दिली आणि प्रकरण निकाली निघालं. आरटीओ प्रमाणपत्राची प्रत त्यानं शेवटपर्यंत दाखवली नाही; त्याबद्दल आरटीओ कार्यालयात दिलेला अर्ज वेगळा आहे, तो अजून चालू आहे.

पुरसिस लिहिताना त्याच्या वकिलांनी हळूच एक ओळ वाढवायला सांगितली: जुनी बॅटरी अर्जदारानं सामनेवाल्यास परत करावी. भंगाराला हजारभर येतात, म्हणाले. दिली, पण पोच घेऊन.