बोटीवर बाइक बांधणे : पट्ट्यांची तिसरी आवृत्ती

लांब पल्ल्याच्या बोटीसाठीच्या बांधणीत दोन बदल आता पक्के. डबल स्टँड बाद, आणि पुढच्या फोर्कची (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनची) दाबणी, म्हणजे पट्ट्यांनी तो किती खाली बसवायचा ते, त्याच्या पूर्ण हालचालीच्या निम्म्यावरून एक तृतीयांशावर.

डबल स्टँडवर एक चाक हवेत असतं. जहाज पुढेमागे डोललं की गाडी स्टँडवरून पुढे उतरू शकते. साइड स्टँडवर दोन्ही चाकं टेकतात. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि गाडी पुढे ढकलून गिअरमधला ढिलेपणा काढायचा. हे राहिलं तर पट्टे आवळल्यावरही गाडी थोडी पुढे सरकते, आणि स्टँड दुमडतो तो नेमका त्याच हालचालीने. पुढचा ब्रेक वेल्क्रोच्या पट्टीने दाबून ठेवायचा, पुढच्या चाकाखाली पाचर.

दाबणी कमी का केली? फोर्क अजिबात दाबला नाही तर पहिल्याच हेलकाव्याला तो खाली बसतो, पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो. पण साइड स्टँडची लांबी ठरलेली असते, त्यामुळे फोर्क जितका दबेल तितकी गाडी सरळ होत जाते आणि शेवटी उजवीकडे कलंडू पाहते. म्हणून डावा, म्हणजे स्टँडच्या बाजूचा पट्टा आधी, मग उजवा, दोन्ही थोडे थोडे. आवळण्याची हौस आवरायची. स्टँडचा ब्रॅकेट वाकतो.

पट्टे चार, 25 मिमी रुंद, रॅचेटचे (दांडी हलवून आवळायचे). डेकवरच्या कड्या हव्या तिथे कधीच नसतात, त्यामुळे 3 मीटर लांबीही जास्त होत नाही. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या टीला (फोर्कच्या दोन नळ्या जोडणाऱ्या खालच्या क्लॅम्पला), कापडी फास घालून. हँडलच्या टोकांना नकोत, हँडल वळतं. मागचे दोन फ्रेमला. हुकांची तोंडं केबल टायने बंद. बोटीवरचे लोक सीटवरून पट्टा टाकतातच, आणि तो बहुधा तेलकट असतो. खाली जाड फडकं ठेवायचं.

हँडल लॉक नको, चाक वळलेलं असलं की दोन्ही पट्टे सारखे ताणत नाहीत. हलल्यावर वाजणारा अलार्म बंद, नाहीतर रात्रभर बोंबलून बॅटरी संपते. कार्ब्युरेटरवाल्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. प्रवासात गाड्यांचा डेक सहसा बंद असतो. औषधं, चार्जर, गरम कपडे आधीच वर न्यायचे.

रॅम्प लोखंडी, बहुतेक ओला. पुढची गाडी वर पोचेपर्यंत थांबायचं, मध्येच थांबावं लागलं तर पायाला पकड मिळत नाही. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, सांधे काटकोनात ओलांडायचे, पुढच्या ब्रेकला हात नाही.

सोडताना क्रम उलटा : उजवा पट्टा आधी, म्हणजे डावा गाडीला स्टँडवर ओढून धरतो. उतरल्यावर गोड्या पाण्याने साध्या धारेने धुणे, मग चेनला ल्यूब. डिस्कवरचा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकांत निघतो, तोवर अंतर जास्त ठेवायचं.

गाड्या खेटून लावल्या की मागच्या पट्ट्यांना बाहेरचा कोन मिळत नाही, ते अजून सुटलेलं नाही. साइड बॉक्स काढून ठेवले तर थोडी जागा होते, एवढंच.